बेचाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग

आमच्या गराजमध्ये तो जुना कॉम्प्युटर चादरीत गुंडाळून का ठेवलाय, असं विचारलंत ना? बसा, सांगते.

दोन हजार एकवीसचा ऑगस्ट. सिडनीत लॉकडाऊन होता. टूनगॅबी या उपनगरातल्या आमच्या गल्लीत भर दुपारीही पाऊल वाजत नव्हतं. मी हार्ड डिस्क आणायला गेले होते. दुकानाच्या दारात टेबल होतं. मास्कवाल्या माणसाने त्यावर खोकं ठेवलं, "नो वरीज" म्हणाला आणि मागे सरला. एवढंच काम.

आमचा डेस्कटॉप बारा वर्षांचा. डिस्क भरली, अशी सूचना रोज यायची. माझा नवरा विश्राम म्हणाला, "तो दहाव्याचा व्हिडिओ काढून टाक ना. कोण बघतंय?"

"मी बघते."

"एकदा तरी बघितलास?"

नव्हता बघितला.

आई मे महिन्यात पुण्यात गेली, करोनाने. शेवटच्या कॉलला तिने विचारलं होतं, "येतेस ना, श्यामे?" मी म्हटलं, "देशाबाहेर जायच्या परवानगीचा फॉर्म भरलाय गं." फॉर्म मी भरलाच नव्हता. गेले आणि परत येऊ दिलं नाही तर? वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरातली माझी नोकरी, मुलीचं बारावीचं वर्ष... धाकट्या भावाला, नरेंद्रला, नंतर सांगितलं की फॉर्म नामंजूर झाला.

दहाव्याला नरेंद्रने घाटावर विटेला टेकवून फोन ठेवला. आम्ही इथून कॉम्प्युटरवर बघत होतो, रेकॉर्डही करत होतो. पिंडाला कावळा शिवेना. नरेंद्रने घर विकणार नाही म्हणून सांगितलं, आत्याला सांभाळीन म्हणून सांगितलं. कावळे झाडावर नुसते बसून. शेवटी तो फोनजवळ वाकला. "ताई, तिचा जीव तुझ्यात अडकलाय. बोल काहीतरी."

मी बोलले, "आई, येते मी. बॉर्डर उघडली की पहिल्या विमानाने."

शब्द संपतो न संपतो तोच कावळा उतरला. तिकडे सगळे रडले. मी नाही रडले. आई असताना गेले नाही, आता काय जाणार होते? बोलतानाच मला ते ठाऊक होतं.

त्या भरलेल्या जुन्या डिस्कवर आईच्या तीन वर्षांच्या कॉलची रेकॉर्डिंग होती. तिचा आवाज दुसरीकडे कुठेच उरला नव्हता. म्हणून काही पुसायचं नाही, नवी डिस्क जोडायची, असं मी ठरवलं. बाजूचा पत्रा उघडला, धूळ पुसली, रिकाम्या खणात डिस्क सरकवून चार स्क्रू आवळले, दोन वायरी लावल्या. पहिल्याच फटक्यात चालू झाली. नवी डिस्क फॉरमॅट केली आणि दहाव्याचा व्हिडिओ तिच्यावर हलवला.

डिस्क वाजत होती. टक्... टक्... टक्. भांडी घासताना माझा हात थांबला. आई दुपारी जेवण झाल्यावर अडकित्त्याने सुपारी कातरायची, अगदी तसा आवाज.

सहाव्या दिवशी नवी डिस्कही भरली.

"मागच्या आठवड्यात तर घातलीस," विश्राम म्हणाला. "सगळं टूनगॅबी साठवतेस का त्यात?"

मी दुसरी डिस्क आणली. वीज द्यायला एकच वायर उरली होती, ती लावली. मग आम्ही दोघांनी कशाने एवढी जागा खाल्ली ते बघितलं. दहाव्याचा व्हिडिओ बेचाळीस मिनिटांचा होता. आता तो एकशे एकतीस तासांचा होता. आम्ही बघत असतानाच आकडा पुढे सरकला.

विश्राम हसला, पण नीट नाही. "फाइल करप्ट झालीय. डिलीट कर." त्याची मीटिंग होती. तो आत गेला आणि दार लावून घेतलं.

माझं बोट बटणावर होतं. खोलीत गार भाताचा आणि काळ्या तिळांचा वास येत होता. त्या दिवशी मी भात केलाच नव्हता... मी डिलीट केलं नाही. व्हिडिओ थेट शेवटाला नेला.

घाट रिकामा होता. नरेंद्र नाही, गुरुजी नाहीत. पत्रावळीवरचा पिंड अखंड होता, कावळ्याने चोचही न लावल्यासारखा. आणि फोनच्या मागून, अगदी जवळून, टक्... टक्.

"आई," मी हळूच म्हटलं, "मी खोटं बोलले गं. फॉर्म भरलाच नव्हता. मी येणार नाही..."

अडकित्ता थांबला.

"ठाऊक आहे," ती म्हणाली. रागाने नाही. भाजी संपली तरी 'चालेल' म्हणायची, तशी. "तू नको धडपडूस, श्यामे. मीच निघते."

मी प्लग उपटला. दोन्ही नव्या डिस्क काढल्या, कॉम्प्युटर गराजमध्ये नेला. आठवड्याने धीर करून डिस्क परत घातल्या आणि एकदा जोडून बघितला. आकडा थांबला होता. आई निघते म्हणाली त्याच दुपारी, त्याच वेळेला. आईचे सगळे कॉल जागच्या जागी होते. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! सगळं बंद करून मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालायला गेले.

घरातून, उघड्या खिडकीतून निहारिकाची, माझ्या मुलीची, हाक आली. तिचा ऑनलाइन वर्ग चालू होता.

"मम, प्लीज! स्टॉप कटिंग दॅट थिंग. आय कान्ट हिअर माय टीचर."

माझ्या हातात ओला टॉवेल होता.

"कुठे आवाज येतोय, बाळा?"

"किचनमध्ये. तूच बसलीयस ना... खाली, पाठ करून?"