मणीच्या भिंतीची उलटी बाजू

देचेनला ऊन चढायच्या आत खालच्या दवाखान्यात पोचवायचं होतं. पोर आडवं आलं होतं. दाईने हात टेकले, तसा सोळा वर्षांच्या रिगझिनने थोरल्या बहिणीला उचललं आणि गावच्या एकुलत्या एक बसमध्ये मागच्या सीटवर झोपवलं.

आणि बस वाटेतच थांबली!

नाल्याच्या अलीकडे मणीची भिंत आहे. मंत्र कोरलेल्या दगडांची, रस्त्याच्या ऐन मधोमध. ती उजव्या हाताला ठेवूनच पुढे जायचं, हे तिथल्या गाढवांनाही ठाऊक. पण आज डावीकडचा रस्ता नदीने गिळला होता. उजवीकडचा, डोंगराच्या अंगाचा, मोकळा पडलेला.

ड्रायव्हर नोरफेल उतरला. प्रवासी उतरले. आणि सगळे मिळून डावीकडच्या भगदाडात दगड भरायला लागले!

"अरे, ही बाजू मोकळी आहे ना!" रिगझिन ओरडला.

"उलटं जायचं? अडलेल्या बाईला घेऊन?" आंगदू मेमे म्हणाले. म्हातारा अख्ख्या गावाचा आजोबा. "शाळा सोडलीस, अक्कलही तिथंच ठेवून आलास?"

"तुमचं भगदाड भरेस्तोवर वरचा बर्फ वितळेल. नाला फुगेल. मग बसा दगड चाटत!"

भगदाडात आणखी एक दगड पडला. आत देचेन किंचाळली.

रिगझिनचं टाळकं सटकलं. ट्रकवर क्लीनरकी करता करता तो स्टिअरिंग शिकला होता. उडी मारून तो ड्रायव्हरच्या सीटवर बसला. किल्ली लागलेलीच होती. इंजिन गुरगुरलं!

मेमे हातातल्या दगडासकट बससमोर आडवे उभे राहिले. "आधी मला चिरड!"

"व्हा बाजूला, म्हातारबा! खरंच घालीन अंगावर!"

"पाप त्या पोराला लागेल, मूर्खा!"

मागून देचेनचा फाटका आवाज आला, "मेमे, पोर माझं आहे. लागू दे पाप, मी फेडीन. रिगझिन, चालव!"

मेमेंच्या हातातला दगड गळला. ते सरकले.

बस उलट्या बाजूने सुटली. भिंत डावीकडून सरसर मागे गेली आणि समोर नाला! गढूळ, फेसाळलेला, धोंडे गडगडवत येणारा. रिगझिनने बस आत घातली. पाणी पायरीवर आलं. मागचं चाक रुतलं. गरगर, गरगर, जागच्या जागी!

"रेस कमी कर, गाढवा!" नोरफेल मागून धावत येऊन कमरेएवढ्या पाण्यात घुसला होता. त्याच्यामागे सगळे. "ढकला! हा आपल्याला मारणार! ढकला!" बर्फाच्या पाण्यात कुडकुडत, रिगझिनच्या सात पिढ्या उद्धरत त्यांनी बस रेटली. धक्का! आणखी एक! चाकाने दगड पकडला आणि बस धापा टाकत काठावर चढली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पोट चिरून पोर काढलं. मुलगी. लालबुंद, मुठी आवळलेली, छत फाटेल अशी किंचाळणारी.

नोरफेलने रिगझिनची कॉलर धरली. "परत माझ्या बसला हात लावलास तर तंगडं तोडीन."

"परत थांबवलीस तर मी तुझं तोडीन!"

दारात ओले बूट उलटे करून पाणी काढत बसलेल्या मेमेंनी आतलं रडणं ऐकलं आणि कपाळावर हात मारला.

"झालं! मामावर गेली."