गळ्याखालची वाट

दाढ दुखतेय, हे केतकीनं अंतराळस्थानकात आठ दिवस कुणाला कळूच दिलं नाही. हट्टी पोरगी! मोहिमेतून नाव कापतील ही भीती. नवव्या दिवशी मान सुजली, तोंड उघडेना, आणि सोनोग्राफीत घशामागे साठलेला पू दिसला.

पृथ्वीवरच्या नियंत्रण कक्षात घसातज्ज्ञ डॉक्टर फरीदा मुजावर केतकीच्या वडिलांना समजावत होत्या. आबा मोहिते म्हणजे विट्याच्या शाळेतले निवृत्त पीटी मास्तर.

“अहो, मग खाली आणा की तिला!”

“आणली तर हातची जाईल, आबा. गळ्यापासून छातीपर्यंत एक वाट असते. इथं पू आपल्या वजनानं त्या वाटेनं उतरतो, पार हृदयाशी जातो. वर वजनच नाही. तो आहे तिथंच राहील. सहा दिवसांत यान सर्जनला घेऊन पोचतंय. तोवर प्रतिजैविकं चालू ठेवू.”

“म्हणजे अधांतरी आहे म्हणून वाचलीय म्हणा.”

“तसंच.”

पण घसा आवळला की केतकी घाबरायची. मग आबा पडद्यासमोर ताठ बसायचे.

“केतू, लहानपणी करायचीस तसं. ओढ श्वास. छाती भरू दे. अजून थोडा.”

ती ओढायची आणि शांत व्हायची. फरीदाबाई कौतुकानं म्हणाल्या, “आबा, माझ्या औषधापेक्षा तुमचा प्राणायाम भारी!” दिवसातून चारदा बापलेकीचा तो नेमच झाला.

उपचाराच्या पाचव्या दिवशी छातीत पू दिसला. सहाव्या दिवशी सर्जन पोचला, तेव्हा केतकी गेलेली होती.

वजन नाही, मग पू उतरला कसा? फरीदाबाई दोन दिवस चित्रं बघत राहिल्या. उत्तर सापडलं तेव्हा त्यांना रडू आवरेना. आबा केतकीचं सामान न्यायला आले, तेव्हा बाईंनी लपवलं नाही.

“श्वास घेताना छातीत दाब कमी होतो, आबा. म्हणून हवा आत ओढली जाते. तसाच गळ्याखालच्या त्या वाटेतला पूही छातीत ओढला जातो. श्वास जितका खोल, तितकी ओढ जास्त. मी नुसता वजनाचा विचार केला. चूक माझी आहे, तुमची नाही.”

आबांनी हातातलं केतकीचं सामान खाली ठेवलं.

“चौथ्या दिवशी तुम्ही जेवायला गेला होता,” ते म्हणाले. “केतू म्हणाली, आबा, दुखतंय, आज नको. मी रागावलो तिला. म्हटलं, कंटाळा करू नकोस, आणखी दहा घे. तिनं घेतले हो. दहाच्या दहा घेतले.”