तिसऱ्यांदा उगवलेलं गजकर्ण

हर्षालीच्या दंडावरचं गजकर्ण बरं होऊन तिसऱ्यांदा परत उगवलं, तेव्हा तिला रडूच कोसळलं. पहिल्या दोन वेळी चूक तिचीच होती. खाज थांबली की गोळ्या बंद करायच्या आणि वरून आखाड्याची हळद-ताक घातलेली तांबडी माती चोळायची, हे ती कुस्ती शिकायची त्या तालमीतलं जुनंच खूळ. पण या खेपेला तिनं सहा आठवडे एकही गोळी चुकवली नव्हती. मग हे आलं कुठून? जिल्ह्याची निवड चाचणी पंधरा दिवसांवर, आणि अंगावर चट्टा दिसला की पंच कुस्ती खेळू देत नाहीत.

तिची कुस्तीतली जोडीदारीण तेजल तिला गावच्या दवाखान्यात घेऊन आली. २०६१ साली गावोगावच्या दवाखान्यांत यंत्रमानव होते. इथला कणाद जरा जास्तच बोलका. त्यानं बोटातल्या भिंगातून चट्टा पडद्यावर दाखवला. कातडीत बारीक धागे पसरले होते.

"ही बुरशी. शिळ्या भाकरीवर येते तिची भाऊबंद. ही केराटिन (कातडी, केस आणि नखं ज्याची बनतात तो पदार्थ) खाऊन जगते."

"मग मार की तिला एका दमात!" हर्षाली म्हणाली.

"तिथंच घोडं अडतं, बाळ. जिवाणूंची घडण आपल्याहून फार वेगळी. त्यांना नेमकं गाठणारं औषध शोधणं त्यामानानं सोपं. बुरशीची पेशी (शरीराचा सर्वांत लहान जिवंत भाग) मात्र पुष्कळशी आपल्या पेशीसारखी. घाव तिच्यावर घालावा, तर आपल्यालाही लागायची भीती. म्हणून औषधं मोजकी. त्यात कातडीचा वरचा थर मेलेला, तिथं रक्त पोचत नाही. खालून नवी कातडी वर येईल तसं औषध वर चढतं. त्याला आठवडे लागतात."

"पण मी समद्या गोळ्या घेतल्या न्हवं!"

"घेतल्यास. म्हणजे ही बहुधा बाहेरून परत आली. हिचे बीजाणू (बुरशीचे बियांसारखे कण) कपड्यांवर महिनोन् महिने टिकतात. तुझा पंचा आणखी कोण वापरतं?"

हर्षालीनं तेजलकडं पाहिलं. त्या तालमीत जोडीदारणी एकच पंचा वापरत. पंचा वेगळा त्यांचं मन वेगळं, असं मोठ्या मुली म्हणत.

तेजलनं मान खाली घातली. "माझ्या पाठीवर हाय. दोन महिने झालं. वस्तादांना कळलं असतं तर त्यांनी मला चाचणीला न्हेलं नसतं."

हर्षालीला असा राग आला, की हिला आत्ताच चितपट करावं. मग तिला तेजलचे भरलेले डोळे दिसले.

"लई खाजतंय?" तिनं विचारलं.

"लई," तेजल म्हणाली. "तू तरी जा चाचणीला. दुकानातलं ते मलम लाव, दोन दिवसांत दिसंनासं होतंय."

"तसली काही मलमं लाली झाकतात," कणाद म्हणाला, "आणि बुरशी आत खुशाल पसरते."

"आन् समोरच्या पोरीला देऊ व्हय?" हर्षालीनं तेजलला विचारलं. म्हणजे आता चाचणीला जायचं नाही. वर्षभर ती या चाचणीसाठी पहाटे उठत होती.

"फक्त बुरशीलाच ओळखणाऱ्या नव्या औषधाच्या चाचण्या चालू आहेत," कणाद हळूच म्हणाला. "तुमच्या धाकट्या बहिणींना इतकं थांबावं लागणार नाही. तोवर दोघींनी एकदम औषध घ्यायचं, कपडे वेगळे ठेवायचे आणि उकळून धुवायचे."

हर्षालीनं डोळे पुसले आणि हात पुढे केला.

"गोळ्यांची दोन पाकिटं दे," ती म्हणाली. "मी विसरले तर ही आठवण करंल, ही विसरली तर मी. पुढच्या साली दोघीबी जाऊ."