खांद्याच्या वर

आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. न बसू दे! आपला नंबर लागायला अवकाश आहे, आणि बाकावर बसून भिंत न्याहाळण्यापेक्षा थाप बरी.

तर याच दवाखान्यात, व्यायामाच्या खोलीत, भिंतीवर एक चाक होतं. दुखऱ्या हाताने फिरवायचं. इतकं करकरायचं, की खालच्या मजल्यावर दाताच्या डॉक्टरांना 'आ करा' म्हणावंच लागत नसे. ते चाक एक गोदामवाली फिरवायची. कापडाच्या गोदामात तिच्या उजव्या खांद्यावर अख्खी मांडणी कोसळली होती. ती भिंतीला आवळायचे बोल्ट कुणी लावलेच नव्हते. नोकरी गेली, भरपाईची केस उभी राहिली. वकीलबाईंनी बजावलं होतं, "हात खांद्याच्या वर जात नाही, यावरच सगळं आहे. जपून गं, कंपनीवाले मागावर माणसं ठेवतात."

एके दिवशी शेजारच्या खुर्चीत एक तरुण लंगडत येऊन बसला. दुसऱ्या दिवशीही आला.

"काल डावा पाय दुखत होता ना तुमचा?" तिने विचारलं.

"हो… माझं दुखणं फिरतीवर असतं."

"सांभाळा हं, फिरत फिरत डोक्यात जाईल!"

तो हसला. न मागता तिच्या बाटलीचं झाकण उघडून दिलं. अपघातापासून जो तो तिच्या खांद्याकडे बघायचा. हा मात्र आपल्याकडे बघतो, असं तिला वाटलं. आणि पठ्ठ्या तर खांद्याकडे बघायचाच पगार घेत होता! प्रेम आंधळं असतं म्हणतात, हे लंगडंही निघालं.

मग रोज बसस्टॉपपर्यंत सोबत. तिची वेणी सुटलेली असली की तो नजर वळवायचा, आणि ती लाजायची…

एका संध्याकाळी तो म्हणाला, "उद्यापासून मी येणार नाही."

"का? पाय बरा झाला?"

"हो."

"कुठला?"

या वेळी तो हसला नाही. बस आली, तो चढला. मागच्या खिडकीशी जाऊन त्याने मोबाइल समोर धरला. आठवणीला फोटो काढतोय वेडा, तिला वाटलं. तिच्या डाव्या हातात पिशवी होती. उजवा हात वर गेला… खांद्याच्या वर… कळ थेट डोळ्यांत आली, तरी ती हसत हात हलवत राहिली. बस वळायला लागली, तेव्हा कुठे खांदा धरून ती फुटपाथवर कोसळली.

कोर्टात तेच चित्रण लावलं. वर गेलेला हात, हसरा चेहरा. कोसळण्याच्या आधीच कापलेलं. वकीलबाईंनी फाइल मिटली. ती पडद्याकडे बघतच नव्हती. ती त्याच्याकडे बघत होती — कंपनीच्या वकिलामागे, मान खाली घालून बसलेल्या त्याच्याकडे. एक शब्द बोल, एवढंच तिचं म्हणणं होतं.

आणि तो उठला हो! म्हणाला, "साहेब, पुढचं मी कापलंय. ती खाली कोसळली होती, मी बघितलंय." केस ती जिंकली, आणि पुढच्याच महिन्यात दोघांनी—

"खोटं!"

बाकाच्या टोकाची मुलगी उभी राहिली होती.

"तो उठलाच नाही. माझी मावशी आहे ती. रोज सकाळी एका हाताने वेणी घालून बघते… आणि मग मला हाक मारते."