मेलेले उठा

मार्शल व्हायचंय तुला, नम्रता? कर गो बाई हौस. पिवळं जाकीट, गळ्यात शिट्टी आणि ऐकणारं कोणी नाय, एवढंच हाय ते काम.

आमचा पेणचा ग्रुप जुन्या काळच्या लढाया खेळतो. अंगात चिलखत, डोक्याला लोखंडी टोप, हातात बोथट तलवार. कुणाचा टोप सैल, कुणाच्या तलवारीला धार राहिलीय, ते आधी मी तपासायचं. कुणाला लागलं की शिट्टी मारून लढाई थांबवायची. तर हे बाप्ये म्हणणार, वहिनी, दोन मिनिटं थांबा की. डोक्याला नुसता ताप.

एक नियम तेवढा सगळे पाळतात. वार बसला की ‘मेलो’ म्हणून आडवं व्हायचं. मार्शल ‘मेलेले उठा’ म्हणेपर्यंत हलायचं नाय. मधेच कोणी उठला तर तुडवला जाईल ना.

त्या रविवारी कासूला, स्टेशनापलीकडच्या कापलेल्या भातशेतात खेळ होता. माझ्या नवऱ्याला, मिथुनला, दमा. टोपाचा पट्टा गळ्याशी आवळू नको म्हणून मी सकाळपासून कानीकपाळी ओरडत होते. व्हय व्हय म्हणाला आणि आवळलाच.

दिवस कलला. खाडीकडून चिखलाचा कुबट वास यायला लागला. लढाई संपली तशी मी हाक दिली, "मेलेले उठा." सगळे अंग झाडत उठले. मिथुन पडूनच. ह्याची नाटकं, म्हटलं. जाऊन पायाने ढोसलं. हलेना. टोप काढला तर ओठ निळे, पट्टा गळ्यात रुतलेला. जितेश आमच्यातलाच, कंपनीत प्रथमोपचार शिकलेला. त्याने किती वेळ छाती दाबली... शेवटी माझ्याकडे बघून मान हलवली.

रडू नाय आलं गो, राग आला. सकाळपासून सांगत होते ना मी? त्याच्या कानाशी वाकले आणि सगळा जीव गोळा करून ओरडले, "मेलेले उठा."

तो उठला. म्हणाला, "चल, गाडी चुकंल." डॉक्टरने तपासलं, सगळं ठीक सांगितलं. मी देवळात नारळ फोडून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर अंग गार, ओठ निळे. हलवलं, पाणी मारलं, नाव घेऊन हाका मारल्या. शेवटी तेच शब्द बोलले. लगेच उठून बसला आणि चहा मागितला. तेव्हापासून रोजचं झालं हे. रात्री टेकला की संपला, सकाळी मी उठवायचा. एक रात्र माहेरी जायची सोय नाय. वैताग वैताग झाला. पण माझा माणूस हाय, उठवत होते.

मग गेल्या आठवड्यात माझा घसा बसला. काढा घेतला, गुळण्या केल्या, आवाज फुटेना. तो पडलेला आणि मी शेजारी नुसतं तोंड हलवत बसलेली. उन्हं घरात आली. वाटलं, गेला आता हातचा...

तेवढ्यात मागच्या दाराबाहेरून कुणीतरी ते शब्द बोललं. हळूच. आवाज माझाच गो, नम्रता.

मिथुन उठला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाय. दाराकडे तोंड करून म्हणाला, "आलो." मग रोज सकाळी तोच आवाज त्याला उठवायला लागला.

काल माझा घसा सुटला. आज सकाळी मीच कितीदा तरी तेच शब्द ओरडले. नाय उठला. मग मी मागचं दार उघडलं आणि त्या आवाजाची वाट बघत बसलेय.