पोथी वाचणार कोण?

"पोथी गायब!" डर्वलाचा मित्र लॉर्कन धापा टाकत आला. "काचेची पेटी रिकामी! आणि सगळे म्हणतायत, शेवटचा हात लागला तो रीओनाचा!"

डर्वला खूश झाली. हो, चक्क खूश! उद्याच्या जत्रेत संग्रहालयातली ती जुनी आयरिश भाषेतली हस्तलिखित पोथी उघडून आयर्लंडच्या देवांची एक गोष्ट सगळ्या गावाला वाचून दाखवायचा मान तिला हवा होता. वर्षभर वाचनाचा सराव करून तिने घसा कोरडा केला होता. आणि डब्लिनहून सुट्टीला आलेल्या या मावसबहिणीने, रीओनाने, तो आठवडाभरात पटकावला! वर आईचं उठता-बसता चालूच, "रीओनाचं आयरिश बघ, कसं गोड!"

दोघं संग्रहालयात पोचली, तेव्हा रीओना रडत उभी होती. प्रमुख टुओहीबाई कडाडत होत्या, "खरं बोल, नाहीतर संध्याकाळच्या बसने घरी!"

"मी काल पेटीतच ठेवली होती, बाई!"

'जाऊ दे की घरी,' डर्वलाच्या मनात आलं. तेवढ्यात पेटीत डोकावताना टपकन तिच्या मानेवर थेंब पडला. छत गळत होतं, अगदी पेटीच्या वर! पेटीतली मखमल भिजली होती.

"लॉर्कन," ती कुजबुजली, "तुमच्याकडे काही भिजलं की कुठे ठेवतात?"

"गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात. मोजे, टॉवेल, आजोबांची टोपी... सगळं गाव आपापल्या घरच्या त्या गरम कपाटातच वाळवतं!"

"मग रखवालदार हॅनरहानकाका पोथी कुठे वाळवतील?"

लॉर्कनचे डोळे विस्फारले. "अगं, पण गप्प बसलीस तर उद्या तूच वाचशील!"

डर्वलाने ओठ चावला. जळत तर होती ती, चांगलीच जळत होती! पण रीओनाला कुणी चोर म्हणावं, हे काही तिला बघवेना.

"चल, पळ!"

काकांचं घर मागेच होतं. काका हर्लिंगची मॅच बघायला गेले होते, फोन घरीच विसरून. काकूंनी कपाट उघडलं. "बघा, पण माझ्या घड्या मोडू नका हं!"

चादरींखाली, टॉवेलात गुंडाळलेली पोथी! छान उबदार!

दोघांनी पोथी संग्रहालयात आणली. मॅचहून परतलेले काका डोकं खाजवत म्हणाले, "सकाळी कव्हर ओलं दिसलं, म्हणून वाळत टाकली. सांगायचं राहिलं बघा!"

"अहो, पोथी आहे ती, मोजे नव्हेत!" टुओहीबाईंनी कपाळावर हात मारला. नशीब, आतली पानं कोरडी होती. "रीओना, चुकलंच माझं. आणि डर्वला, शाब्बास! काय डोकं चालवलंस! बोल, उद्या तू वाचतेस?"

डर्वलाला हेच तर हवं होतं!

"नको. रीओनाच वाचू दे. तिचं आयरिश... माझ्यापेक्षा चांगलं आहे." कडू औषध गिळावं तसं तिने ते म्हणून टाकलं. मग हनुवटी उंचावली. "पण शेजारी मी बसणार! आणि पानं मीच उलटणार! मी पान उलटल्याशिवाय हिने पुढचा एक शब्द काढायचा नाही!"

"कबूल!" रीओना डोळे पुसत हसली.