गाळायचं नाही, घालायचं नाही

बडनेरा स्टेशनवर मी पाटी छातीशी धरून उभी होते. तिच्यावर पाहुण्यांची नावं होती – हेलन आणि वॉल्टर. शेजारी खांद्याला काळी पेटी अडकवलेला एक तरुण उभा होता. तो मघापासून माझ्याकडे बघत होता, आणि मी मघापासून त्याच्याकडे न बघण्याचं काम मन लावून करत होते.

"मॅडम," शेवटी तो म्हणाला, "पाटी उलटी धरली तुमी."

खरंच उलटी होती. मी अमरावतीला क्लासमध्ये इंग्रजी शिकवते, पोरांच्या स्पेलिंगवर लाल शाई ओतते... आणि माझीच पाटी उलटी.

"इंग्रजी येतं वाटतं तुम्हाला?" मी फणकाऱ्यानं विचारलं.

"नाई. पण उलटं-सुलटं समजते."

हा किशोर. मूर्तिजापूरचा, घरी कपाशी-तुरीची शेती, गावात चष्म्याचं लहानसं दुकान. आम्ही दोघंही एकाच जोडप्याला घ्यायला आलो होतो. सत्तरी ओलांडलेले ते अमेरिकन मिशनरी नवरा-बायको दर वर्षी एक आठवडा कुठल्यातरी परक्या देशात जायचे आणि गावोगावच्या म्हाताऱ्यांना चष्मे द्यायचे. या वर्षी पाळी आमच्या वऱ्हाडाची होती. किशोर नंबर काढणार होता आणि मी दुभाषी. धर्माचं काही बोलले तर तडक घरी यायचं, या अटीवर बाबांनी मला सोडलं होतं. बाबा म्हणजे वकील कमलाकांत. घरातसुद्धा अटी घालूनच बोलतात.

धर्माचं ते काही बोलले नाहीत. हेलनबाईंनी मला एकच नियम घालून दिला. दोन माणसांच्या मधे उभं राहून बोलायचं तर काही गाळायचं नाही आणि पदरचं काही घालायचं नाही. आजी म्हणाली, 'मला दिसत नाही', तर मीही इंग्रजीत 'मला दिसत नाही' असंच म्हणायचं.

त्यांची एक रीतही होती. जेवणाआधी सगळ्यांनी एकमेकांचे हात धरायचे, डोळे मिटायचे आणि वॉल्टरसाहेबांनी देवाचे आभार मानायचे. पहिल्या दिवशी परतवाड्याला शाळेच्या व्हरांड्यात ताटं वाढली. माझ्या एका हाताला हेलनबाई, दुसऱ्या हाताला... किशोर. सगळं गाव बघत होतं. त्यानं हात शर्टाला पुसला आणि नुसती बोटं पुढे केली. मीही नुसती बोटं दिली. सकाळपासून काचा पुसून त्याची बोटं गार पडली होती.

दुसऱ्या दिवशी चांदूर रेल्वेला बोटांचा तळहात झाला. तिसऱ्या दिवशी मला वाटायला लागलं, साहेबांनी अजून थोड्या गोष्टींचे आभार मानावेत. पाण्याचे, मिठाचे, वाटल्यास लोणच्याचेही.

मूर्तिजापूरला रांग संपल्यावर त्यानं नंबर काढायची चौकट माझ्याच नाकावर ठेवली. मी लांबचा तक्ता घडाघडा वाचला, जवळचा कागदही वाचला.

"डोळे तं चांगले हायेत," तो चौकट काढून घेत म्हणाला. "मंग तुमाले दिसून काहून नाई राहिलं?"

"काय दिसायचं?"

तो नुसता हसला आणि काचा खोक्यात लावत बसला. माझे कान गरम झाले. त्याला एव्हाना कोणीही सांगितलं असतं, की मला केव्हाच दिसलं होतं.

शेवटचं जेवण अकोल्याला. हेलनबाईंनी मला विचारायला सांगितलं, की या मुलाला आम्ही जाताना काय द्यावं? मी विचारलं. किशोरनं हातातला घास ताटात ठेवला.

"आजीले सांगा, मले काही नको. मले ही पोरगी आवडते. इच्या बाबाले येऊन विचारीन म्हणतो. इनं फकस्त ये म्हणावं."

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. आणि मला दिसत होते बाबा – माझ्यासाठी आलेली नागपूरच्या एका वकील मुलाची पत्रिका चष्म्याजवळ धरून बसलेले. मग मी इंग्रजीत म्हणाले, "मला काही नको. तुमचा प्रवास सुखाचा होवो."

हेलनबाई माझ्याकडे बघत राहिल्या.

"एवढंसंच?" किशोर हळू म्हणाला. "म्या तं लय बोललो होतो."

मी वरणात भात कालवत राहिले... कालवलेलाच भात पुन्हा कालवत राहिले. निघताना तो गाडीच्या खिडकीशी आला.

"वेळ घ्या तुमी. मी कुठी जाऊन नाई राहिलो."

त्यानं नंतर दोनदा फोन केला. दोन्ही वेळा मी फोन वाजू दिला. उचलून सांगणार काय? आधी बाबांशी बोलायला हवं होतं, आणि तेवढं धैर्य गोळा करायला मला अकरा महिने लागले. डिसेंबरात एका सकाळी मी सगळं सांगून टाकलं. बाबा तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाले, "त्या चष्मेवाल्याला ये म्हणावं एकदा."

मी फोन केला नाही. असली गोष्ट समोरासमोर सांगायची असते, आणि पाहुणे याही वर्षी आमच्याच वऱ्हाडात यायचे होते, शिबिर पंधरा दिवसांवर आलं होतं. मी पाटीसुद्धा नवी लिहिली.

बडनेऱ्याला गाडीतून वॉल्टरसाहेब एकटेच उतरले. हेलनबाई ऑगस्टमध्ये गेल्या होत्या. साहेब म्हणाले, आम्ही एकमेकांशिवाय कधी कुठे गेलो नाही, हा पहिलाच प्रवास. मी तिथेच फलाटावर रडले.

किशोर परतवाड्याला परस्पर आला होता. दुपारी त्यानं डबा उघडला – वांग्याचं भरीत, ज्वारीची भाकरी.

"पौर्णिमानं देलं," तो डब्याशीच बोलल्यासारखा म्हणाला. "वैशाखात लगन झालं. आईले लकवा मारला, घरात करणारं कोणी नवतं. म्या फोन केला होता..."

"हो," मी म्हणाले. "दोनदा."

वॉल्टरसाहेबांना यातलं काही कळलं नाही. ते आपल्याच ओझ्यात होते. हेलननं जाण्याआधी एक काम सोपवलंय, ते म्हणाले. त्या दिवशी तू खरं सांगितलं नाहीस, हे तिला तुझ्या तोंडावर दिसलं होतं. मुलगा काय म्हणाला होता, ते विचारून ये, असं तिनं सांगितलंय.

मग मी सांगितलं. एकेक शब्द, त्याच्या वतीनं, इंग्रजीत. मला काही नको. मला ही मुलगी आवडते. हिच्या वडिलांना येऊन विचारीन म्हणतो. हिनं फक्त ये म्हणावं. किशोरनं मान खाली घातली. भाषा येत नसली तरी त्याला कळलं होतं.

साहेबांनी त्याला विचारलं, "मग ती काय म्हणाली?"

प्रश्न मीच किशोरसमोर ठेवला. माझ्याच तोंडानं.

"काईच नाई म्हटलं तिनं," तो म्हणाला. "पण सांगा त्याइले, माहा राग नाई तिच्यावर."

मी तेही सांगितलं. बाबांचं वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं – ये म्हणावं एकदा. किती लहान वाक्य. पण ते त्याचं नव्हतं, साहेबांचंही नव्हतं. माझ्या पदरचं होतं. मी ते घातलं नाही.

साहेबांनी दोन्ही हात पसरले. आता तिघंच होतो. किशोरनं हात शर्टाला पुसला आणि नुसती बोटं पुढे केली. मीही नुसती बोटं दिली. साहेबांनी हेलनबाईंचे आभार मानले, अन्नाचे मानले, आणि भाकरी थापणाऱ्या हातांचेही मानले. ते मला नियमाप्रमाणे किशोरला सांगावं लागलं.

आमेन झालं, तेव्हा हात आधी मीच सोडला.